डोंबिवली ते बोरीबंदर : एका आवरणाचा प्रवास

मोबाईलच्या पाठीवर बसवल्या जाणाऱ्या लवचीक आवरणाला बाजारात ‘कव्हर’ असे म्हणतात. ज्याने त्यासाठी पैसे मोजले त्याला वगळून बाकी सर्वांना ते दिसते, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेले कव्हर मुंबईतील एका भुयारी मार्गातून, घासाघीस करून खरेदी केलेले असून, त्याच्यावर त्याच मार्गाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे छायाचित्र आहे. या स्थानकाला तरुण प्रवासी ‘सीएसएमटी’, मध्यमवयीन ‘व्हीटी’ आणि पिकल्या केसांचे ‘बोरीबंदर’ म्हणतात, त्यामुळे प्रवाशाचे वय त्याच्या ओळखपत्रापेक्षा या उच्चारावरून अधिक बिनचूक कळते.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेल्या या इमारतीचे काम १८७८ साली सुरू झाले आणि ते पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. विक्रेत्याने मात्र हीच इमारत फोनवर अर्ध्या मिनिटात, अंगठ्याच्या एका दाबाने बसवली. या घाईचे परिणाम वास्तूच्या माथ्यावर दिसतात. मूळ घुमटावर ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती असून तिच्या उंचावलेल्या उजव्या हातात मशाल आहे, परंतु कव्हरावर नेमका तोच भाग कॅमेऱ्याच्या चौकटीसाठी कापला गेल्याने मूर्ती समूळ नाहीशी झाली आहे आणि मशालीच्या जागी फोनचा टॉर्च आला आहे. वीज गेल्यावर तो खरोखरच पेटतो, या एका बाबतीत प्रतिकृती मूळ वास्तूपेक्षा सरस ठरते. खालच्या टोकाला, प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचे प्रतीक म्हणून सिंह आणि भारताचे प्रतीक म्हणून वाघ बसलेला आहे. फोन तोलून धरणारी करंगळी दोन वर्षे सिंहावरच टेकत राहिल्याने तो पार पुसला गेला असून वाघ शाबूत आहे. साम्राज्याचे उरलेसुरले अवशेष पुसण्याचे कार्य अशा रीतीने एका करंगळीने, कोणतीही घोषणा न देता, तडीस नेले.

या कव्हराचा दैनिक प्रवास डोंबिवलीला सुरू होतो आणि सुमारे ४८ किलोमीटरवर, स्वतःच्याच मूळ रूपापाशी संपतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या प्रवासी गाडीत १४ डबे आणि सुमारे ४०० प्रवासी होते, अशी नोंद आहे. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एवढी मंडळी एकाच डब्यात मावतात, आणि त्यांतील बरीचशी दारातच मावतात. अशा डब्यात कव्हराच्या मालकास क्वचित ‘चौथी सीट’ लाभते; चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर, “जरा सरकता का?” या मंत्राने निर्माण होणारी चार बोटे रुंदीची जागा. तीवर एका मांडीने बसून तो फोनमध्ये डोके खुपसतो, आणि समोरच्या बाकावरील मंडळी घाटकोपर ते भायखळा विनामूल्य वारसादर्शन घेतात. २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेली ही वास्तू त्यांना हाताच्या अंतरावर दिसते, मात्र गाडी त्याच वास्तूच्या पोटात शिरताच कोणीही वर पाहत नाही, कारण १८ फलाटांपैकी आपल्या फलाटावरून बाहेर पडण्याची शर्यत तोवर सुरू झालेली असते.

या नियमाला अपवाद घडतो तो गावाहून मामा आले म्हणजे. तेव्हा मालक रविवारी मुद्दाम तिकीट काढून येतो, स्टीव्हन्सच्याच महानगरपालिका इमारतीच्या बाजूला उभा राहतो, मामांना स्थानकाकडे पाठ करून उभे करतो आणि फोन उंचावतो. या क्षणी जी रचना सिद्ध होते ती भूमितीच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. कव्हरावरील स्थानक प्रथमच खऱ्या स्थानकाच्या समोरासमोर येते, मालक दोहोंना सोडून पडद्याकडे पाहतो, आणि वास्तूकडे पाठ केलेल्या मामांना ती कव्हरावर तेवढी दिसते.

“काय रे, ह्या वाघासमोर पुसलंय ते काय होतं?” असे मामा विचारतात.

वीस वर्षे या दारातून ये-जा केलेला भाचा फोन उलटा करून पाहतो, पण तेथे करंगळीने घासलेला पांढुरका डाग तेवढा असतो. कव्हर या प्रश्नाचे उत्तर देण्यास असमर्थ ठरल्याने तो नाइलाजाने मान वर करतो, रस्त्यापलीकडच्या खांबाकडे डोळे बारीक करून पाहतो आणि, तेथले शिल्प जणू आजच बसवले असावे तसा, म्हणतो, “सिंह आहे, मामा.”