आला का बे?

तुमच्या फोनमध्ये ‘टेस्ट’, ‘टेस्ट परत’, ‘शेवटची टेस्ट’ आणि त्याखाली ‘शेवटची टेस्ट नवीन’ अशी चळत लागली असेल, तर हा इसम तुमच्याही ओळखीचा आहे. आमचा नमुना नागपूरच्या धरमपेठेत राहतो, आयटी पार्कात नोकरी करतो आणि मेसेज पाठवला की तो पोचला का हे विचारायला फोन करतो.

“आला का बे?”

मी टेकडी गणपतीच्या रांगेत होतो. म्हटलं, “अजून पुढे पन्नासेक माणसं आहेत.” “नंबर नाही ना राजा, मेसेज!” दुपारी जरा डोळा लागला की, आला का. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाजी घेऊन समोर उभा, आला का. एकदा बायकोने फोन उचलला आणि कोणीतरी यायचंय असं समजून चहाचं आधण वाढवलं.

या रोगाचं मूळ कुलरमध्ये आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या वर जातो. टाकी आटली की कुलरची मोटर कोरडी फिरून जळते. याने टाकीत सेन्सर बसवला आणि ॲप्राइज नावाची पायथनची लायब्ररी धरली. ख्रिस कॅरन यांची ही लायब्ररी फुकट आहे, खुली आहे, आणि टेलिग्राम, ईमेल अशा शंभराहून जास्त ठिकाणी एकाच पद्धतीने निरोप धाडते. पण त्या शंभरांत याची आई नव्हती. आई फोन पाहत नाही. म्हणून याने स्वतःचं प्लगिन लिहिलं: एक लहानसं फंक्शन, त्याच्या डोक्यावर ‘नोटिफाय’ची एक ओळ, आणि पत्ता ‘आई’, पुढे कोलन, पुढे दोन तिरप्या रेघा. कुलर आटला की स्वयंपाकघरातला स्पीकर बोलणार, “आई, पाणी टाक.”

टेस्टही लिहिल्या होत्या त्याने, पायटेस्टमध्ये, खोटा स्पीकर उभा करून. खोट्या स्पीकरचा प्लग कोणी काढत नाही, त्यामुळे सगळ्या पास. खऱ्याचा मात्र आईने मिक्सर लावायला काढला होता. स्क्रीनवर ‘पाठवला’, आणि मोटर जळाली.

दुसऱ्या दिवशी तर्री-पोह्याच्या गाडीवर त्याने मला धरलं. “फंक्शननं काहीच परत नाही दिलं ना, तर ते यश समजून राहिलं! फॉल्स द्या, मगच ते अपयश मानते!” आवाज असा, की गाडीवाल्याने घाबरून माझ्या पोह्यांवर आणखी एक पळी तर्री ओतली. त्या दिवसापासून खरे स्पीकर आम्ही.

लायब्ररीत निरोपाचे चार प्रकार आहेत: माहिती, यश, इशारा, अपयश. चारही तपासायचे म्हणून एका रविवारी मला ‘अपयश: पोहे झाले’ असा निरोप आला. आणि पाठोपाठ फोन. काय ते सांगायला नको.

त्याला टाळायला मी फोन उलटा ठेवायला शिकलो होतो. मग कळलं, गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या उशाशी याने बटणं बसवून दिली आहेत, पैसे न घेता. बटण दाबलं की निरोप पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. निरोप जातो. मुलांनी घरचा ग्रुप म्यूट केलेला असतो, उत्तर येत नाही, आणि उत्तर न येणं म्हणजे सगळं ठीक, असं लायब्ररीइतकंच मुलांनीही धरलेलं असतं. त्यांनाही हा फोन करतो, तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. मुलं चिडतात. माझ्यापेक्षा फार सभ्य भाषेत, पण चिडतात.

आता त्याने प्लगिन बदललंय. दहा मिनिटांत कोणाचं उत्तर आलं नाही, तर फंक्शन फॉल्स परत देतं. आणि ते अपयश याच्या स्वतःच्या फोनवर येऊन पडतं. मग हा डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर दुपारी त्या घरी चालत जातो. बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. आजींना नुसतं बटण चालतं का ते पाहायचं असतं.

तेव्हा बाहेरगावच्या मंडळींनो, इकडे ऊन फार आहे. निदान ‘हो’ एवढं तरी कळवत जा.