सायकलवाट नासर्डीकाठी हवी

नदीकाठी सायकल म्हटलं की नाशिककरांना गोदा पार्क आठवतो. 2 ऑगस्ट 2016 च्या पुरानं त्याची काय गत केली, हे साऱ्या शहरानं पाहिलं. पूररेषेच्या आत कठडा उभारला की त्याच्या गजांत पाणवेली, चिंध्या, प्लास्टिक अडकतं, बघता बघता त्याची भिंत होते आणि मग पाणी ती मुळासकट उपटतं. तरी शोभेचे दिवे, कारंजी, कठडे यांची हौस काही फिटत नाही.

आणि हे सगळं कुणासाठी? सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेला कामगार हँडलला डब्याची पिशवी अडकवून ट्रकच्या कडेकडेनं सायकल हाकतो, तो कुठल्याच आराखड्यात नाही. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. आपण सत्कार केले. द्वारका चौक सायकलवरून ओलांडायला मात्र आजही जीव मुठीत धरावा लागतो.

वाट हवी ती नासर्डीच्या काठानं. सातपूरकडून येणारी ही नदी उंटवाडी, तिडके कॉलनी, मुंबई नाका असं करत पुणे रोडखालून टाकळीकडे गोदावरीला मिळते. म्हणजे कारखान्यांपासून वस्त्यांपर्यंतचा रस्ता पाण्यानं आधीच आखून ठेवलाय. अमेरिकेतल्या बोल्डर गावात ओढ्याकाठची सायकलवाट मोठ्या रस्त्यांच्या पुलांखालून जाते. सिग्नल नाही, ट्रक नाही. इथंही ते जमेल. जोराचा पाऊस झाला की फाटक लावायचं. पाणी वाटेवरून जाईल आणि ओसरेल, फक्त त्याला अडवायला तिथं काही उभं करू नका.

पात्राला दोन्हीकडून भिंती घालून वर पेव्हर ब्लॉक बसवायचा बेत असेल, तर मात्र नासर्डीला हातही लावू नका. अरुंद झालेल्या पात्रातलं पाणी काठच्या घरांत शिरतं आणि भांडीकुंडी गरिबाचीच वाहून जातात.

2027 च्या सिंहस्थासाठी सगळा पैसा आणि सगळं लक्ष गोदाघाटाकडे लागलंय. पण नासर्डीत सोडलेलं सांडपाणी शेवटी त्याच गोदावरीत जातं. तेव्हा आधी सांडपाण्याचे नाले वळवा. मग उंटवाडी ते मुंबई नाका एवढाच तुकडा करा, बिनकठड्याचा, आणि पहिल्या पाळीच्या वेळेला तो खुला ठेवा.