जांभळी जीभ आणि विरार लोकल

विरारहून भरून आलेल्या गाडीत वसई रोडला चढायचं आणि वर बसायला जागाही हवी, तर माणूस एकतर आसन्नमरण असायला हवा किंवा डब्यातल्या पत्त्यांच्या डावाचा कायमचा भिडू. मला पत्ते येत नाहीत.

तशी ही हकिकत रानमेव्याची आहे. आमच्या घरात मी रानमेव्याचा जाणकार समजला जातो. समजणारा मी एकटाच. त्यासाठी मी एक टोपीही घेतली आहे. तिला इतके कप्पे आहेत की डोकं कुठल्या कप्प्यात घालायचं, हे दरवेळी शोधावं लागतं. वसईच्या मेहुण्याचा मे महिन्यात फोन आला, "भावोजी, करवंदं संपायच्या आत या. एकदा पाऊस पडला की अळ्या धरतात." बायको म्हणाली, "जा, पण पांढरा शर्ट घालू नका." त्या टोपीवर पांढराच शर्ट शोभतो. पांढराच घातला.

आधी वसईचा किल्ला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, हे मेहुण्यानं दरवेळी सांगायचं आणि मी दरवेळी चकित व्हायचं, असं आमचं ठरलेलं आहे. मग तुंगारेश्वर. देऊळ, झाडी, माकडं. सगळं छान आहे.

तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे, तिथलं फळ तोडायला बंदी. हे ऐकून मला कायद्याबद्दल अतोनात आदर वाटला, कारण करवंदाच्या जाळीशी माझी जुनी ओळख आहे. तिचे काटे जोडीनं असतात. एक शर्ट धरतो, दुसरा माणूस. शिवाय कच्चं फळ तोडलं की पांढरा चीक येतो. बोटं धुतली तरी तो जात नाही, उलट धुणाऱ्याची बोटंही चिकटतात. त्यामुळे महामार्गावर येऊन, सातिवली फाट्याजवळ टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून विकत घेणं मी जास्त निसर्गप्रेमी ठरवलं.

एका वारली आजीच्या टोपलीत अख्खा मे महिना होता. काळीभोर करवंदं, शेवटची पांढरी तोरणं, बुळबुळीत भोकरं आणि पिवळी रांजणं. भोकराचा गर पतंग चिकटवायला उत्तम आणि कच्च्या भोकराचं लोणचं त्याहून उत्तम, पण पिकलेलं भोकर चारचौघांत खाऊ नये. रांजण मात्र माझं लाडकं. चिकूच्या कुळातलं हे फळ, चवीला चिकूहून गोड आणि ओठांना चिकूहून चिवट. चिकूचं कलम बांधतात ते बहुधा याच झाडाच्या खुंटावर. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खुंटाला कोण विचारतो!

मेहुणा आणि मी करवंद दातांनी अर्धं तोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळलो. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. दोघांच्या वयाची बेरीज शंभराच्या पुढे आहे. आजी हसत नव्हती. तिचं लक्ष माझ्या हाताकडे होतं. रस्त्याकडेच्या एका जाळीनं मला ओरखडा काढला होता आणि मी तो सगळ्यांना दिसेल असा धरला होता. तिनं आपला हात पुढे करून द्रोण भरला. त्या हातावर जुन्या-नव्या ओरखड्यांना मोजदाद नव्हती आणि चिकानं बोटांची टोकं काळी पडली होती. पहाटे अंधारात निघते, म्हणाली. जवळच्या जाळ्या गेल्या, तिथं गाळे झाले, आता लांब जावं लागतं. वीस रुपये वाटा. मी उगाच दोन वाटे जास्त घेतले. तिनं त्यावर एक मूठ फुकट टाकली, म्हणजे हिशेब पुन्हा माझ्याच अंगावर.

आमच्या घराजवळच्या फळवाल्याकडे ब्लूबेरीची मूठभर डबी दोन-अडीचशेला मिळते. ती पेरू देशातून येते. पेरूनं निदान पेरू तरी पाठवावेत. ती डबी घेताना आमच्या सोसायटीत कोणी घासाघीस करत नाही. करवंदवालीशी मात्र पाच रुपयांसाठी भांडतात. असो. रक्तदाब वाढतो.

वसई स्टेशनाबाहेर जांभळं दिसली. विकणारा म्हणाला, बहाडोलीची. पालघर तालुक्यातल्या या गावाच्या जांभळाला मानांकन मिळाल्यापासून सगळीच जांभळं बहाडोलीची झाली आहेत. पण ही खरी असावीत. टपोरी, गर भरपूर. जांभळाच्या फांद्या ठिसूळ, म्हणून तिथं झाडाभोवती बांबूची परांची बांधून एकेक फळ उतरवतात. इतक्या कष्टानं उतरलेलं फळ मी उभ्या उभ्या, गाडी येईपर्यंत, भराभर चढवलं.

गाडी आली. मी आत गेलो, म्हणजे नेला गेलो. हातात पिशवी, तोंडात जांभळं. बिया कुठं टाकणार? मी सुसंस्कृत माणूस. पाच-सहा बिया डाव्या गालात साठवल्या. रांजणानं ओठ एकमेकांना धरून ठेवले होते. उकाड्यानं घामाची धार लागली होती. नायगाव गेलं आणि समोरचा तरुण ओरडला, "अरे, काकांचे ओठ निळे पडलेत!"

"गालपण सुजलाय. तोंड वाकडं झालंय बघ."

"पॅरालिसिस! काका, नाव सांगा. नाव!"

मी "म्म्म" म्हणालो.

"वाचा गेली."

"काका, दोन्ही हात वर करा." ते मी वसईपासूनच वर केलेले होते, खाली आणायला जागा नव्हती. यावर मतभेद झाले. एकाच्या मते हे चांगलं लक्षण, दुसऱ्याच्या मते हात आखडलेत. इतक्यात चमत्कार झाला. तीन माणसं उठली आणि मला खिडकीशी आडवा केला. विरार लोकलमध्ये, खिडकीशी, आडवा! खाडीवरचा वारा आला. समजावून सांगण्याची इच्छा होती, पण घाई नव्हती.

प्रकरण मात्र वाढलं. कोणी वर्तमानपत्रानं वारा घालू लागलं, कोणी हेल्पलाइनला फोन लावला. एका गृहस्थानं खिशातून सॉर्बिट्रेटची गोळी काढून "जिभेखाली ठेवा" म्हणत माझा जबडा धरला. मी जबडा आवळला. "दातखीळ!" भाईंदरला उतरवायचं की बोरिवलीला, यावर दोन तट पडले. भाईंदरवाले अल्पमतात होते, ते विरार गाडीत नेहमीच असतात. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. तरुणानं तो घेतला आणि स्पीकर लावला.

"काकू, घाबरू नका. काकांना अटॅक आलाय. ओठ निळे पडलेत."

पलीकडे क्षणभर शांतता.

"शर्टाला डाग पडलाय का?"

तरुणानं पाहिलं. "हो... जांभळा."

"डाव्या गालात बिया असतील. थुंकायला सांगा. आणि जांभळं किती उरलीत ते बघा."

तरुणानं रुमाल पुढे धरला. मी थुंकलो. डब्यात जी शांतता पसरली, ती मी शक्य तर विसरेन. सॉर्बिट्रेटवाल्यांनी गोळी पुन्हा पाकिटात ठेवली. मग ज्याची खिडकी होती तो म्हणाला, "आता बरं वाटतंय ना? उठा."

उभा राहून मी पिशवी पुढे केली; दुसरा उपाय नव्हता. आधी कोणी हात लावेना. मग वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी एक जांभूळ तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि "बहाडोली" म्हणाले. मीरा रोड येईपर्यंत सगळा डबा जांभळ्या जिभांनी बोलत होता. दहिसरला पिशवी रिकामी झाली.

तो तरुण मात्र रुमाल पसरून सगळीकडे फिरत होता. "बिया बाहेर टाकू नका हो. आईला डायबेटिस आहे, वाळवून पूड करते ती." सगळ्यांनी निमूट बिया दिल्या. बोरिवलीला त्यानं रुमालाची गाठ मारली, उतरायला वळला आणि माझ्याकडे पाहून थांबला.

"काका, गालात आणखी काही आहे का?"

होती एक. दिली.