गिअरबॉक्सची काळी दोन

आमच्या गाडीतून आवाज येतोय हे मला सर्वांत शेवटी कळलं. बायकोच्या मते गाडी महिनाभरापासून कण्हत होती. मुलीच्या मते मिक्सरमध्ये खडा गेल्यासारखं काहीतरी होत होतं. सासऱ्यांना लहानपणीच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवला आणि पुढचे वीस किलोमीटर ते त्या गिरणीबद्दलच बोलत राहिले. मला काहीच ऐकू येत नव्हतं, कारण कण्हणं सुरू झालं की मी रेडिओचा आवाज वाढवायचो. दुरुस्तीचा हा पहिला टप्पा बहुतेक पुरुषांना उपजतच येतो.

रेडिओ बंद करायला लावल्यावर मात्र वाद पेटला. आवाज कुरकुर होता की घरघर? किरकिर की खरखर? मराठीत आवाजांना शब्दांची कमी नाही, पण त्यातले निम्मे आपण माणसांच्या स्वभावासाठीही वापरतो. त्यामुळे ‘ही कुरकुर कधी थांबणार आहे?’ हा प्रश्न गाडीबद्दल होता की माझ्याबद्दल, हे ठरवायला मला एक सिग्नल लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी गॅरेज गाठलं. ‘कसा आवाज येतो साहेब?’ मेकॅनिकने विचारलं. मी म्हटलं, घरघर. ‘म्हणजे कसा? करून दाखवा ना.’ वयाच्या पन्नाशीत, इस्त्रीच्या शर्टात, भर रस्त्यावर मी घसा साफ करून ‘घुर्रर्र’ असं केलं. शेजारच्या गाडीखालून दोन पोरं बाहेर आली. ‘असा, की असा?’ म्हणत मेकॅनिकने दोन प्रकार करून दाखवले. दोन्ही माझ्यापेक्षा सरस होते. दुसरा तर इतका हुबेहूब की मी नकळत गाडीकडे पाहिलं.

मग त्याने गाडी सुरू केली. गाडी परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारखी शांत. पाच मिनिटं आम्ही सगळे बॉनेटभोवती माना घालून उभे होतो. ‘काही नाही साहेब,’ तो म्हणाला. त्याच्या नजरेत गाडीपेक्षा माझ्याबद्दलची काळजी जास्त होती.

संध्याकाळी मेव्हणा आला. त्याचं निदान न ऐकताच तयार होतं: ‘गिअर ऑइल बदल.’ सोबत तो डबाही घेऊन आला होता. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं. आमच्या गाडीच्या पुस्तकात जीएल-४ टाका असं होतं. ‘अरे, चारपेक्षा पाच चांगलं,’ मेव्हणा म्हणाला. हे तर्कशास्त्र त्याने टीव्ही, फोन आणि मुलाच्या शाळेची फी या सगळ्यांना लावून पाहिलेलं आहे.

तो डबा उघडण्याआधी खालच्या मजल्यावरचे काका भेटले हे आमचं नशीब. काका दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेले. गाडीचं कुठलंही बॉनेट उघडलं की त्यांना लिफ्टची वाट बघवत नाही, जिन्याने उतरतात. त्यांनी डबा हातात घेतला आणि मेव्हण्याला विचारलं, ‘हे कुठे टाकणार?’

‘गिअरबॉक्समध्ये.’

‘हे मागच्या अॅक्सलचं तेल आहे. तिथले दात एकमेकांवर फार घासतात, त्यांच्यासाठी यात गंधकाची भारी औषधं असतात. गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात, त्यांना ती सोसत नाहीत. आणि त्या रिंगांचं कामच मुळी घासून वेग जुळवायचं. त्यांना इतकं निसरडं केलंस तर त्या पकडणार काय?’ मेव्हण्याने डबा गाडीच्या डिकीत ठेवला. तो अजून तिथेच आहे.

मग काकांनी मला समोर उभं केलं. मी घसा साफ केला. काकांनी हात वर केला. ‘आवाज काढू नकोस. कसा येतो ते मला नको. केव्हा येतो ते सांग.’

इथे मी उघडा पडलो. चार जणांच्या घरात महिनाभर कसा यावर भांडणं झाली, केव्हा हे कोणीही पाहिलं नव्हतं. क्लच दाबल्यावर येतो की सोडल्यावर? न्यूट्रलमध्ये येतो? एकाच गिअरला की सगळ्या? गाडी थंड असताना की तापल्यावर? मी घाईघाईने, काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, की रिव्हर्स टाकला की कुईं असा आवाज येतो. काका हसले. ‘तो यायलाच हवा. पुढे जायच्या गिअरांचे दात तिरके कापलेले असतात, हळूहळू एकमेकांत शिरतात, म्हणून गप्प असतात. रिव्हर्सचे बहुतेक गाड्यांत सरळ. दात थेट दातावर आपटतो. ती तक्रार नाही, तो त्याचा स्वभाव.’

हा सगळा प्रकार वरच्या गॅलरीतून मावशी ऐकत होत्या. मावशी म्हणजे बायकोची मावशी. चाळीस वर्षं पेटी शिकवतात, आणि दारावरची बेल बेसूर आहे म्हणून आमच्याकडे आल्या की दार ठोठावतात. पदर खोचून त्या खाली आल्या.

‘सकाळी बोलली नाही म्हणता ना? मग आधी तिला पळवून आणा,’ काका म्हणाले. ‘थंड तेल घट्ट असतं, सगळं झाकून ठेवतं. तापलं की पातळ होतं, मग दुखणं वर येतं.’ मी सिंहगड रस्त्यावर अर्धा तास गाडी फिरवली. त्यातली पंचवीस मिनिटं एकाच चौकात गेली, पण गाडी तापली आणि मीही. परत आलो तेव्हा पार्किंगमध्ये बॉनेटभोवती सोसायटीतले आठ जण जमलेले.

हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये, क्लचवरचा पाय काढून मी बसलो. आणि खरंच, घरघर आली. काकांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक गिअरबॉक्सच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डॉक्टरसारखे डोळे मिटले. ‘क्लच दाब.’ दाबला. आवाज गेला. ‘सोड.’ सोडला. आवाज आला. असं आम्ही सात वेळा केलं. आठवी खेप गर्दीतल्या एकाच्या आग्रहाखातर, कारण तो उशिरा आला होता.

‘काळी दोनच्या आसपास आहे,’ मावशी म्हणाल्या. ‘पण घसा बसलाय.’

काका डोळे मिटूनच म्हणाले, ‘अॅक्सिलरेटर दे थोडा.’ मी दिला. ‘आता काळी पाच!’ मावशी जवळजवळ आनंदाने ओरडल्या. ‘अहो, गाडी जागची हललेली नाही आणि सूर चढतोय!’

काकांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा मावशींकडे आदराने पाहिलं. ‘तेच तर बाई. चाकं थांबलेली, तरी इंजिनाबरोबर आवाज चढतो. म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही. क्लच दाबला की इंजिन सुटतं, आतला इनपुट शाफ्ट थांबतो, आवाजही थांबतो. दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग म्हणालो असतो. हे इनपुट शाफ्टचं बेअरिंग.’

त्यानंतर गाडी बाजूला राहिली आणि त्या दोघांचंच सुरू झालं. काकांनी जुन्या बसगाड्यांची गोष्ट काढली. तेव्हा गिअर बदलताना डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. इंजिनाचा आवाज नेमका तेवढा चढल्याशिवाय दात जुळत नसत; नाहीतर खर्रर्र, आणि पाठीमागून पन्नास प्रवाशांचं ‘अरे हळू!’. ‘म्हणजे सूर लावूनच समेवर यायचं!’ मावशी म्हणाल्या. ‘तसंच. सगळं कानावर.’ १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, त्या पितळी रिंगा दोन चक्रांचे वेग आपणच जुळवायला लागल्या, आणि ड्रायव्हरच्या कानाची गरज हळूहळू संपत गेली. मावशींनी यावर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबद्दलचं आपलं मत सांगितलं. ते कडक होतं.

पुन्हा गॅरेज. या वेळी मी आवाज काढला नाही. ‘न्यूट्रलला, क्लच सोडल्यावर, गाडी तापली की. दाबला की बंद,’ असं म्हटलं. मेकॅनिक क्षणभर गप्प झाला. ‘साहेब, लाइनीतले आहात का?’ इतका मान मला ऑफिसात एकोणीस वर्षांत मिळालेला नाही.

बेअरिंगचे सहाशे रुपये आणि त्याच्यापर्यंत पोचायचे साडेसहा हजार. त्यात ‘गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर’ हे प्रकरण सुरू झालं. आलोच आहोत तर तुळशीबागेतही डोकावू, म्हणणाऱ्या घरात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मला प्रतिकार जमला नाही. उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्लेट काढलीच तर रिलीज बेअरिंग, आणि हात काळे झालेच आहेत तर ऑइल सील. गाडी तीन दिवसांनी परत आली. न्यूट्रलला शांत, क्लच मऊ.

जुनं बेअरिंग मी मागून आणलं. बोटांनी फिरवलं की आत वाळू असल्यासारखे दाणे लागतात. पैसे कशाचे गेले ते पाहुण्यांना दाखवायला बरं पडतं. रविवारी मावशी आल्या, दार ठोठावलं. त्यांनी बेअरिंग कानाशी धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. काकाही चहाला होते. घरात शांतता पसरली.

‘हा तो आवाज नाही,’ मावशी म्हणाल्या.

साडेसात हजारांच्या वर गेलेलं बिल माझ्या खिशातच होतं. मी काकांकडे पाहिलं. काकांनी बशीतला चहा संपवला.

‘बाई, हा विलंबित आहे,’ ते म्हणाले. ‘गाडीत तो द्रुतात होता.’