डॉक्टरसाहेब, साठ टक्के म्हणजे पास की नापास?

अर्धापूरच्या बसस्थानकावर सकाळच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत दोघा-तिघांच्या काखेत तरी प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत फाइल, फाइलीत कार्डिओग्रामची गुलाबी पट्टी. कुठं निघालात विचारलं की उत्तर ठरलेलं : नांदेडला, डॉक्टर लेनला, टू-डी इको काढायला सांगितलाय. संध्याकाळी तीच माणसं परत येतात तेव्हा फाइलीत चकचकीत कागदावरचे काळेपांढरे फोटो वाढलेले असतात आणि एक इंग्रजी कागद. त्या कागदावर घरातल्या शिकलेल्या पोराला एकच गोष्ट वाचता येते, ती म्हणजे आकडा. साठ टक्के.

मग त्या रात्री घरात कुणी नीट जेवत नाही. साठच? म्हणजे चाळीस टक्के काळीज गेलं का? नांदेड-लातूरच्या पट्ट्यात टक्के म्हटले की लोकांना निकालच आठवतो. इथं नव्वदला पेढे वाटत नाहीत, तिथं साठ टक्के काळीज घेऊन बाबा किती दिवस काढणार, असा हिशेब सुरू होतो. कुणी म्हातारा शेतात जायचं बंद करतो. कुणी आजी नातवाला कडेवर घ्यायला भिते.

आणि खरी गोष्ट काय आहे? हृदयाचा डावा कप्पा रक्तानं भरतो, आकसतो, आणि त्यातलं साधारण साठ-पासष्ट टक्के रक्त पुढं ढकलतो. बाकीचं आतच राहतं. ठणठणीत पैलवानाचंही असंच असतं. शंभर टक्के कुणाच्याच हृदयाला जमत नाही आणि जमायची गरजही नाही. अमेरिकेतली इकोकार्डिओग्राफीची सोसायटी आणि तिची युरोपातली जोडीदार संस्था यांनी २०१५ साली मिळून मोजमापं छापली. त्यात पुरुषांसाठी ५२ ते ७२ आणि बायकांसाठी ५४ ते ७४ टक्के हा आकडा निरोगी धरला आहे. म्हणजे साठ टक्केवाला बाबा पहिल्या वर्गात पास आहे! पण हे त्याला कुणी सांगत नाही. अशा संस्थांच्या सभासदांना पोचलेली गोष्ट रुग्णाला पोचत नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरा शब्द याहून वाईट. साठी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या रिपोर्टात शेवटी लिहिलेलं असतं, 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन'. शिकलेलं पोरगं मोबाइलवर 'डिसफंक्शन'चा अर्थ शोधतं आणि घरात रडारड. अर्थ एवढाच की वयानं किंवा ब्लडप्रेशरनं हृदयाचा स्नायू थोडा ताठर झालाय, दोन ठोक्यांच्या मधे तो पूर्वीसारखा झटकन सैल होत नाही. ब्लडप्रेशर सांभाळा, मीठ कमी करा, चालत राहा. चार ओळींत मावेल असं हे मराठी आहे. ते रिपोर्टाखाली छापायला नवं मशीन लागत नाही. लागते फक्त इच्छा. आपल्याकडच्या इंडियन अकॅडमी ऑफ इकोकार्डिओग्राफीला आणि तिच्या महाराष्ट्रातल्या सभासदांना माझी सरळ मागणी आहे : रिपोर्टच्या शेवटी रुग्णासाठी मराठीतून चार ओळींचा रकाना सक्तीचा करा. सक्तीचा म्हणतोय, ऐच्छिक नाही.

सभासदांना काय काय बातम्या मिळतात ते मला ठाऊक आहे. दरवर्षी 'इको इंडिया' नावाची मोठी परिषद भरते. २०१७ पासून अकॅडमीचं स्वतःचं नियतकालिक निघतं. त्रिमितीय चित्रं आली, स्नायूचा ताण मोजणारं 'स्ट्रेन' आलं, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. हे सगळं यायलाच पाहिजे. केमोथेरपी घेणाऱ्या बाईच्या हृदयावर औषधाचा मार बसतोय हे स्ट्रेनमध्ये आधी दिसतं आणि तिचा जीव वाचू शकतो. विज्ञानाच्या बातमीला माझा विरोध नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की या बातम्यांच्या पानात अर्धापूरचं नाव कधी येणार?

यायला पाहिजे, कारण हे यंत्र जन्मलं तेच अर्धापूरच्या आजारासाठी. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांच्यापुढं पेच होता : रुग्णाची डावीकडची झडप आकसली आहे की गळते आहे, हे छाती उघडण्याआधी कसं कळावं? हेल्मुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला त्यांनी विचारलं. कारखान्यात लोखंडाच्या आत दडलेल्या भेगा शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र त्या दोघांनी आणलं आणि माणसाच्या छातीवर लावलं. २९ ऑक्टोबर १९५३ ला हलत्या हृदयाची पहिली नोंद झाली. त्या झडपा आकसत कशानं? वाताच्या तापानं, ज्याला डॉक्टर रुमॅटिक फीव्हर म्हणतात. स्वीडनमधून तो आजार जवळपास गेला. यंत्र तिकडं पुढं पुढं गेलं. आजार मात्र इथंच राहिला, जिथं एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात.

हा आजार फसवा आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या लेकराचा घसा दुखतो, ताप येतो, थोड्या दिवसांनी गुडघा सुजतो, घोटा सुजतो. आई हळदीचा लेप लावते, आमच्याकडं हळदीला तोटा नाही. सूज उतरते आणि सगळे विसरतात. पण घशातल्या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांवर घाव घालतं. पुन्हा घसा धरला की पुन्हा घाव. पंधरा-वीस वर्षांनी ती पोरगी सासरी असते, पोटुशी असते आणि तिला धाप लागायला लागते. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं, ते आकसलेल्या झडपेतून जाणार कसं? फुप्फुसात तुंबतं. तिला सांगतात, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या खा. ती गोळ्या खाते आणि उशीवर उशी ठेवून बसून रात्र काढते. केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या बाईला धाप लागली तर ती कामानं लागली असंच सगळे धरून चालतात, ती स्वतःसुद्धा. दहा मिनिटांच्या इकोत जे दिसलं असतं ते बाळंतपणाच्या टेबलावर कळतं. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

स्टेथोस्कोपनं भागत नाही का? नाही भागत. हरियाणातल्या बल्लभगडला एम्सच्या डॉक्टरांनी सहा हजारांवर शाळकरी मुलं तपासली. २०११ साली निकाल छापून आला. नुसतं तपासून हजारात एकही धड सापडत नव्हतं, इको केला तेव्हा हजारात वीस मुलांच्या झडपांवर खुणा दिसल्या. आपल्या तालुक्यातल्या शाळांत किती असतील, हे बघितल्याशिवाय कसं कळणार?

बघून उपयोग काय, असंही कुणी विचारेल. युगांडात ८१८ मुलांवर चाचणी झाली, २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली. झडपेवर आजाराची नुकती सुरुवात दिसलेली ही मुलं. निम्म्यांना दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांत शंभरात एकाचाही आजार धड वाढला नव्हता. न घेणाऱ्यांत शंभरात आठ जणांचा वाढला. पेनिसिलिन हे जुनं, स्वस्त औषध आहे. युगांडाला जमलेलं मराठवाड्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये.

सरकारनं काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच राज्यात, पालघरला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. निळं पडणारं, दूध पिताना घामाघूम होणारं लेकरू त्यांना सापडतं, मग इकोचं शिबिर लागतं, मग मुंबई-पुण्याला शस्त्रक्रिया. हजारी आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात. 'काळजाला भोक' असलेली कितीतरी लेकरं या कार्यक्रमामुळं आज शाळेत पळतात. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात नांदेड होतं. आज ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालते आणि हृदयाची शस्त्रक्रिया गरिबाला फुकट होते. पण शस्त्रक्रिया लागणार आहे हे कळण्यासाठी जो इको लागतो, तो माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून काढतो. दार मोफत आहे, दारापर्यंतचा रस्ता विकतचा आहे. आणि अठरा वर्षं पुरी झाली की बाल कार्यक्रमही हात सोडतो. वर सांगितलेली पोटुशी पोर नेमकी त्याच्या पुढची असते.

आता कायद्याचं. इकोचं मशीन गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली येतं, कारण छातीवर फिरणारा प्रोब खाली पोटावर सरकवला तर गर्भ बघता येतो. नोंदणी, कागद, तपासणी, कुलूप, सील. हृदयाच्या डॉक्टरांना याचा जाच होतो, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. पण हा कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानं केला आणि तरीही २०११ च्या जनगणनेत आपल्याच मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. मराठवाड्यानं असल्या मशीनचा काय गैरवापर केला ते मराठवाड्यानं विसरू नये. २०१२ च्या नियमांनी पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधनं घातली, ती राहू द्या. मशीन झोळीत घालून शाळाशाळांतून हिंडता येत नसेल तर नका हिंडू. लेकरांना मशीनकडं आणता येतं. अर्धापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथं रीतसर नोंदणी केलेलं मशीन, महिन्यातला एक ठरलेला दिवस, पथकानं निवडलेली मुलं आणि धाप लागणाऱ्या गरोदर बाया. कायद्याचा एक शब्दही बदलावा लागत नाही.

प्रोब हातात कोण धरणार? तालुक्याला हृदयरोगतज्ज्ञ येऊन राहणार नाही, हे मला कळतं. परदेशात हे काम शिकलेले तंत्रज्ञ करतात आणि डॉक्टर चित्रं वाचून निदान करतो. आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कार्डिओलॉजी तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे. आरोग्यसेवेतल्या अशा संलग्न व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा २०२१ मध्ये झाला. लातूर-नांदेडच्या क्लासांतून दरवर्षी जी हुशार पोरं थोडक्यात एमबीबीएस हुकली म्हणून तोंड लपवून फिरतात, त्यांना हे दार कुणी दाखवलंय का? डॉक्टरच्या देखरेखीखाली त्यांच्यातलीच चार पोरं-पोरी या जिल्ह्यासाठी तयार करा. चित्रं दुसरीकडून वाचता येतात, त्याचा पुरावा तर वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या सोसायटीनंच दिलाय. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकन सोसायटीनं हरियाणातल्या सिरसा गावात शिबिर घेतलं, हजारावर लोकांचे इको केले आणि इंटरनेटवरून ते दूरदेशीच्या तज्ज्ञांनी वाचले. अमेरिकेत बसून सिरसाचं हृदय वाचता येत असेल तर नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये बसून अर्धापूरचं का वाचता येऊ नये?

तेव्हा अकॅडमीच्या सभासदांनो, पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडा. रिपोर्टाखाली मराठीतल्या चार ओळी, आणि प्रत्येक सभासदाचा महिन्यातला एक दिवस एका तालुक्याला. तालुके वाटून घ्या. अर्धापूर कुणाच्याही वाट्याला आलं तरी अवघड नाही : नांदेडहून हिंगोली रस्त्यानं वीसेक किलोमीटर, अर्ध्या तासात पोचता.