पाय टेकतील असा समुद्र

सोलापूर हे जगाला पुसणारं गाव आहे. इथल्या मागांवर विणलेले टेरी टॉवेल कुठल्या कुठल्या देशांत जातात, समुद्रकाठच्या हॉटेलांत घड्या होऊन बसतात आणि नुकत्याच लाटेतून बाहेर आलेल्या, ओळख ना पाळख अशा माणसांच्या पाठी कोरड्या करतात. पाणी शोषून धरण्याची जी विद्या त्या टॉवेलाला येते, ती टॉवेल विणणाऱ्याच्या घरच्या नळाला मात्र कधी साधली नाही. नळ दिवसाआड सुद्धा येत नाही. येतो तेव्हा पाहुण्यासारखा येतो, आणि त्या दिवशी घरातलं एक माणूस बाकी सगळं सोडून त्याच्या सरबराईला लागतं. इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांचं ओलेपण निस्तरलं. आपणही एकदा नीट, पोटभर, हिशेब न ठेवता भिजावं, असं आमच्या घरात कुणाच्या तरी मनात यायला माझी निवृत्ती उजाडावी लागली.

ते आलं बायकोच्या मनात. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्यात उतरले आणि ती छायाचित्रं देशभर फिरली. आमच्याकडे तेव्हा सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची तयारी चालली होती. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘आपण पण बघून येऊ की.’ तिला पोहता येत नाही. सिद्धेश्वर तळ्याच्या पायऱ्यांवरही ती कडेची पायरी सोडून एक वर बसते. पण एखादी गोष्ट तिने अशा हलक्या आवाजात म्हटली की ती ठरलेली असते, एवढं मला संसारात कळलेलं आहे. शेजारच्या अण्णांना हा बेत सांगितला. त्यांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळे ते अजूनही समोरचा माणूस दहा हात लांब असल्यासारखे बोलतात. ते म्हणाले, ‘पाण्यात तोंड घालून बघायचं काय असतंय?’

प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. स्नॉर्केलिंग म्हणजे काय, तर समुद्राच्या पाठीवर पालथं पडून राहायचं. बुडायचं नाही, पोहायचं म्हणावं तर तेही फारसं नाही. वाकड्या नळीचं एक टोक ओठांत, दुसरं आभाळात. चेहरा एका जगात आणि श्वास दुसऱ्या जगातला. मला मात्र त्यातली एक सोय फार मोलाची वाटली. तोंडात नळी असताना माणसाकडून कोणी उत्तराची अपेक्षा करत नाही. सगळ्या जगाकडे पाठ फिरवून इतका वेळ गप्प राहावं आणि त्याला खेळ म्हणावं, हा शोध कुठल्या तरी विवाहित माणसाचाच असला पाहिजे.

पाण्याखालचं पाहायला पाण्यात उतरावं लागतं, हे मात्र आमच्या भागाला तितकंसं पटत नाही. आमच्याकडे थोडी वाट पाहिली की पाणीच उतरतं. भीमेवर उजनीचं धरण झालं तेव्हा वरच्या अंगाला इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. पाऊस रुसलेल्या वर्षी त्याचं शिखर आधी दिसतं, मग खांब, मग ओटा, आणि माणसं चपला हातात घेऊन गाळ तुडवत त्या देवळाच्या भेटीला जातात. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य सोलापुरात शाळकरी पोरालाही कळतं. शून्याच्या खालीही पाणी असतं आणि त्यावर एक अख्खं शहर उन्हाळा काढतं, हे ऋण संख्यांचं गणित आम्हाला मास्तरांच्या आधी धरणाने शिकवलं. अशा गावचा माणूस समुद्राचा तळ पाहायला निघतो तेव्हा त्याच्या मनात पहिली शंका हीच येते, की मे महिन्यापर्यंत थांबलं तर नाही का चालणार?

पाण्याखाली मी डोळे पहिल्यांदा उघडले ते मोहोळकडच्या आजोळच्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधून मामा काठावरून ढकलायचे आणि वरून निर्विकारपणे पाहत राहायचे. पुढे भोपळा सुटला, अंगात धीटपणा आला, तशी खाली बुडी मारून डोळे उघडायची पैज लागू लागली. नळी नव्हती, काच नव्हती. दिसायचा तो हिरवट काळोख, त्यात कुठे तरी उतरत गेलेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, आणि मान वर केली तर थरथरणारं, गोल, फार दूरचं आभाळ. त्या विहिरीत एक कासव होतं. ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मावसभावाने तर त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, निदान तो तसं सांगायचा. कासवाचं वय दर सुट्टीत बदलत असे. एका मे महिन्यात ते आजोबांच्या बरोबरीचं होतं, पुढच्या मे महिन्यात पेशवाईतलं झालं. मला मात्र ते कधी दिसलं नाही. लाल डोळे घेऊन वर यायचो आणि सगळ्यांसारखंच ‘दिसलं’ म्हणायचो. पुढे शिवारात बोअर पडत गेले, विहीर आटली, लहानपणी अथांग वाटलेला तळ उन्हात उघडा पडला. तिथे कासव नव्हतं. ते गेलं कुठे हे विचारायला मामाही आता नाहीत.

तर जागा ठरवायची होती. पुण्याचा मुलगा फोनवरून मालदीव म्हणाला, मग थायलंड म्हणाला, आणि आम्ही पासपोर्ट काढलेला नाही हे आठवल्यावर गप्प झाला. उरले तीन पर्याय: मालवण, अंदमान आणि लक्षद्वीप.

मालवण सगळ्यांत जवळचं आणि अण्णांच्या पसंतीचं, कारण तिथे जेवण चांगलं मिळतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांपाशी आणि तारकर्लीच्या बाजूला नळी लावून मासे दाखवतात. किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्याचा भाग आहे. पावसाळ्यात सगळं बंद, आणि पाऊस सरल्यावरही नद्यांनी आणलेला गढूळपणा निवळायला वेळ लागतो. थंडीत पाणी त्यातल्या त्यात नितळ. पण मालवणला आम्ही आधी गेलेलो आहोत आणि तिथे काय झालं ते मला आठवतं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला तो किल्ला, चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. आमची सगळी सोलापूरची मंडळी समुद्राकडे पाठ करून त्या विहिरींच्या काठावर वाकून उभी राहिली. समुद्रात मासे असायचेच, त्यात नवल ते काय? समुद्राच्या मधोमध गोडी विहीर, तीही बारमाही, हे मात्र आमच्या माणसाला पाय दुखेपर्यंत पाहावंसं वाटतं. कोणी तरी खोलीही विचारून घेतली. मालवणला पुन्हा गेलो तर नळी तशीच पिशवीत राहील, याची मला खात्री होती.

अंदमानची गोष्ट वेगळी. वंडूरच्या राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन अशी दोन बेटं आहेत आणि ती आळीपाळीने उघडतात. एक माणसांना पाहत असतं तेव्हा दुसरं विसावा घेतं. पोवळ्यांना उसंत मिळावी म्हणून केलेली ही पाळी मला एकदम घरची वाटली, कारण आमच्या जिरायत शेतकऱ्यानेही दमलेलं रान असंच पडीक टाकलेलं असतं. तिथे प्लास्टिकची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत. बेत जवळजवळ पक्का होता. पण विमान दोनदा बदलायचं म्हटल्यावर बायको म्हणाली, ‘जहाज कुठंय त्यात?’ तिच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासून जहाज होतं, मासे नंतरचे.

जहाज लक्षद्वीपला आहे. कोचीहून ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सफर निघते. जहाज बहुतेक प्रवास रात्री उरकतं आणि दिवसा एकेका बेटावर सोडतं: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. उथळ लगूनमध्ये त्याला शिरता येत नाही, म्हणून ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसांना लहान होड्यांतून काठावर नेतात. निजायला पुन्हा जहाज. सोलापुरातून कोचीकडे जायला आपली जुनी जयंती जनता आहेच, पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी. म्हणजे आमच्या फलाटावर चहा पिऊन गाडीत बसायचं आणि एर्नाकुलमला उतरायचं. समुद्र इतक्या सरळ रुळावर होता, हे इतकी वर्षं ध्यानातच आलं नव्हतं.

आणि मग मुलाने पाठवलेल्या एका लेखात मला ती गोष्ट सापडली, जिच्यामुळे माझ्यापुरता निकाल लागला. आपल्या दख्खनचा काळा दगड, भुईकोट किल्ल्याचा, आजोळच्या विहिरीचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने जमिनीवर पसरला. भूशास्त्रज्ञ मानतात की ज्या आगीतून तो आला, ती तिथल्या तिथेच धुमसत राहिली. वरची भूमी तेवढी उत्तरेकडे सरकत गेली. सरकताना मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची एक ओळ उमटत गेली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. ओळीतले जुने डोंगर पाण्याखाली खचत गेले आणि त्यांच्या माथ्यावर पोवळी वर वर चढत राहिली. डोंगर बुडतो आणि पोवळं त्याच गतीने उंच होतं, म्हणून मध्ये पोकळी असलेलं कंकणाकृती बेट उरतं, असं डार्विनने १८४२ मध्येच मांडून ठेवलेलं आहे. तेव्हा कल्पेनीच्या पांढऱ्या वाळूखाली, पुष्कळ खोल, आमच्याच घराण्याचा काळा दगड निजलेला आहे. भावकी एवढ्या लांब राहायला गेली आणि आम्ही एकदाही भेटीला गेलो नाही, याचं मला उगाचच वाईट वाटलं.

भेट फार लांबवण्यासारखीही नाही. समुद्र नेहमीपेक्षा अंशभर अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की पोवळ्यातला जीव आपल्या अंगातली रंगीत शेवाळं बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लक्षद्वीपला असं १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये झालं. १९९८ ते २०२२ या काळात शास्त्रज्ञांनी मोजलेलं जिवंत पोवळं जवळजवळ निम्म्यावर आलं आहे. आम्ही पंचेचाळीस अंशांत डोक्याला टॉवेल गुंडाळून मंगळवार बाजारात मिरच्या निवडतो आणि त्याचा थोडा तोराही मिरवतो. एका अंशाने ज्याचा रंग उडतो त्याच्यापुढे हा तोरा फार ओबडधोबड वाटू लागला.

राहिलं ते तीन बेटांतून एक निवडणं, कारण बायकोच्या मते नळी एकाच ठिकाणी लावावी, बाकी दोन ठिकाणी काठावर बसावं. मिनिकॉयला १८८५ चा दीपस्तंभ आहे. तिने गुडघ्यांकडे पाहिलं आणि ते बेट बसण्याच्या खात्यात टाकलं. कवरत्तीला काचेच्या तळाच्या होड्या आहेत, न भिजता सगळं दिसतं. अण्णांनी कवरत्तीला जोरदार पाठिंबा दिला. पण न भिजता जगायचा सराव आम्हाला पुरेसा झालेला आहे. कल्पेनीला मोठं लगून आहे, आणि १८४७ च्या वादळाने किनाऱ्यावर फेकलेल्या पोवळ्याच्या तुकड्यांचा बांध आजही तिथे पडून आहे. लगूनच्या आत लाट येत नाही. काठालगत पाणी कंबरेएवढं आणि खाली मऊ वाळू. बायकोने एकच विचारलं, ‘पाय टेकतील का?’ टेकतील म्हटलं. तिची अट तेवढीच होती.

माझीही एक अट होती, ती मी कोणाला सांगितली नाही. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये हिरवी समुद्री कासवं सागरी गवत चरायला येतात. गवत फस्त करण्याबद्दल त्यांचं नावही झालेलं आहे, आणि तिथले कोळी त्यांच्यावर रागावलेले असतात. म्हणजे ती नुसती ऐकीव नाहीत. त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारी माणसं आहेत.

कल्पेनी ठरलं. परवान्याचे कागद जमवायला घेतले आहेत. लक्षद्वीपला आपल्याच देशातल्या माणसालाही तो लागतो. तुमचा बेत असेल तर पावसाळ्याआधी उरका, लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि पाय टेकायचा झाला तर वाळूतच टेका, पोवळ्यावर नाही.