छोट्या भीमाचा वस्ताद कोण?

ढोलकपूरच्या छोट्या भीमाविषयी माझी एकच तक्रार आहे, आणि ती लाडवांबद्दल नाही. नऊ वर्षांच्या पोराने लाडू खावेत, पोटभर खावेत. पण हा पोरगा तालमीत जातो कधी? राजीव चिलका यांच्या हैदराबादच्या ग्रीन गोल्डने 2008 साली त्याला पोगो वाहिनीवर आणला, तेव्हापासून तो दरोडेखोर, राक्षस, जादूगार, जो समोर येईल त्याला लोळवतो आहे. पण पहाटे उठून जोर मारताना, आखाड्याची माती उकरताना किंवा कालचा डाव आज विसरला म्हणून वस्तादाच्या शिव्या खाताना मी त्याला पाहिलेला नाही. टुनटुन मौसीचा लाडू तोंडात गेला की दंड फुगतात, एक गिरकी, दोन गुद्दे, आणि राजा इंद्रवर्मा सुटकेचा श्वास टाकायला मोकळा.

2019 च्या ‘कुंग फू धमाका’ चित्रपटात तर हा गडी कुंग फूच्या स्पर्धेसाठी थेट चीनला गेला. वाटेत आमचे सोलापूर लागत नाही हे कबूल. पण लागले असते तर पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम, कुठेही त्याची सोय झाली असती. अर्थात आल्या आल्या कुणी त्याला लढायला लावले नसते. आधी माती उकर, मग बैठका. लाडवाऐवजी कडक भाकरी आणि शेंगा चटणी. मला वाटते, दुसऱ्याच दिवशी त्याने ढोलकपूरची गाडी धरली असती.

शस्त्रांच्या बाबतीतही तीच गत. नाव भीमाचे, पण हातात गदा क्वचितच. ती उणीव खेळणीवाल्यांनी भरून काढली आहे. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर हवा भरलेल्या गदा, चमकी लावलेल्या तलवारी आणि रबरी टोकाचे बाण मिळतात. माझ्या भाच्याने त्यातली एक गदा घेतली आणि अंगणात दोन्ही हातांनी गरगर फिरवायला सुरुवात केली. शेजारचे आजोबा तरुणपणी तालमीत घुमलेले. ते कट्ट्यावरून थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताकद लई हाय बे, पण पाय कुठं हायत तुझे?”

पाय! कार्टूनवाल्यांनी नेमके तेच सोडून दिले. मिरवणुकीत फिरणारा दांडपट्टा जवळून बघा. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात गेलेला असतो, त्यामुळे मनगट वळवायची सोयच राहत नाही. सगळे काम खांद्याने आणि पायाने करायचे. पवित्रा चुकला तर लवलवते पाते आधी फिरवणाऱ्याच्याच पोटरीची विचारपूस करते. म्हणून कोणताही शहाणा वस्ताद पोराच्या हातात पहिल्या दिवशी पट्टा देत नाही. आधी काठी, मग फरी-गदगा, म्हणजे चामड्याची छोटी ढाल आणि मढवलेला सोटा, आणि मग पुढचे पुढे. 2024 मध्ये महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ते चांगलेच झाले. आता त्या मानाबरोबर पोटरीही सांभाळायला शिकवा, एवढीच विनंती.

तरीही सगळा दोष हैदराबादवाल्यांवर टाकणे बरे नाही. तालमीऐवजी खाण्यावर बळ कमवायची ही खोड मूळ भीमाचीच आहे. (सोलापूरकराला भीमा म्हटले की आधी उजनी धरणाची पातळी आठवते, मी महाभारतातल्या भीमाबद्दल बोलतो आहे.) लहानपणी दुर्योधनाने विष घालून गंगेत टाकलेला भीम नागलोकात पोचला आणि तिथे त्याने रसाची आठ कुंडे पिऊन टाकली. एकेका कुंडात हजार हत्तींचे बळ. तेव्हा लाडवाची कल्पना नवी नाही, फक्त माप लहान केले आहे.

पुढे द्रोणांकडे शिक्षण झाले. गदेचे धडे बलरामाने भीमाला दिले तसेच दुर्योधनालाही दिले. राजपुत्रांच्या कौशल्याच्या प्रदर्शनात हे दोघे असे काही भिडले, की द्रोणांना अश्वत्थाम्याला मध्ये घालून ते थांबवावे लागले. इथपर्यंत दोघांचे सारखे. मग पांडव वनवासाला गेले. भीमाने किर्मीराला मारले, द्रौपदीसाठी सुगंधी कमळे आणली, वाटेत हनुमानाचे शेपूट हलवायला गेला आणि हरला. अज्ञातवासात विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन पळी धरली, अधूनमधून पैलवानही लोळवले. आणि दुर्योधन? त्याने भीमाचा लोखंडी पुतळा करवून घेतला आणि तेरा वर्षे त्याच्यावर गदा चालवली.

तेरा वर्षे! कुठल्याही तालमीने ज्याची तसबीर भिंतीवर लावावी असा हा पठ्ठ्या, आणि आपण त्याला खलनायक म्हणून ओळखतो. शेवटच्या गदायुद्धापूर्वी कृष्णाने युधिष्ठिराला काहीही आडपडदा न ठेवता सांगितले, की बळ भीमाचे जास्त, पण सराव दुर्योधनाचा, आणि बळ विरुद्ध सराव असा सामना असेल तर सराव जिंकतो. नियमाने लढून भीमाचा निभाव लागणार नाही. मग अर्जुनाने मांडीवर थाप मारून खूण केली आणि भीमाने कमरेखाली गदा घातली. बलराम इतका खवळला, की नांगर उगारून भीमावर धावला. शिकवलेली विद्या अशी वापरल्यावर कुणाही वस्तादाचे डोके फिरेल.

गोष्टींना सराव आवडत नाही, हे व्यासांच्या काळापासूनच दिसते. सराव खलनायकाच्या वाट्याला आणि चमत्कार नायकाच्या. कारण साधे आहे: सराव बघायला कंटाळवाणा असतो. पोर एकच हात तीनशे वेळा फिरवते आहे, हे पोगोवर कोण बघेल?

हे सगळे मी भाच्याला सांगितले, लोखंडी पुतळ्यासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण मामा, जिंकलं कोण?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी त्याला नंदीध्वजांचा, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठ्यांचा, सराव बघायला घेऊन गेलो. गड्ड्यात हिरेहब्बू वाड्यातून निघणारे मानाचे सात नंदीध्वज सगळे बघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, हर्र बोलाचा गजर, सगळे डोळ्यात भरण्यासारखेच. त्याआधी रात्री चालणारा सराव मात्र कामावरून आलेल्या माणसांचा, साध्या कपड्यांतला. उंचच उंच काठी, तिचा बुंधा कमरेशी टेकवलेला, नजर वर शेंड्यावर, आणि पाय आपापले रस्त्याचा अंदाज घेत पुढे सरकणारे. शेंडा जरा कलला की पाय आधीच तिकडे गेलेला असतो. दोन्ही बाजूंनी सोबती हात पुढे करून चालतात, पण उगीच हात लावत नाहीत. थोडे अंतर गेले की दुसरा गडी काठी घेतो.

“हे लढणार कुणाशी?” भाच्याने विचारले. कुणाशीच नाही म्हटल्यावर त्याचा रस निम्मा झाला. तरी भीमाची बाजू सोडवेना. “भीम ती एका हातानं उचलेल,” तो म्हणाला.

“उचलंल की,” शेजारचे आजोबा म्हणाले. तेही बरोबर आले होते. “उचलायचं काय एवढं? घेऊन चालायचं हाय.”

भाच्याने वर शेंड्याकडे पाहिले, मग त्या माणसाच्या पायांकडे पाहिले, आणि बराच विचार करून विचारले, “मधे लाडू खायला थांबतात का?”